विश्लेषण : चेहरा दिसला आणि नोकरी गेली! मॅक्स रॉबिन्सन कोण होते?

१९७८ मध्ये एबीसी वाहिनीच्या सायंकाळच्या राष्ट्रीय बातमीपत्रातून मॅक्स रॉबिन्सन अमेरिकेतील घराघरांत पोहोचले. अशी जबाबदारी नियमितपणे सांभाळणारे ते पहिले कृष्णवर्णीय वृत्तनिवेदक. पण १९ वर्षांपूर्वी, टीव्हीवरील पहिल्याच नोकरीत, त्यांचा फक्त आवाज चालत होता.

पोर्ट्समथमध्ये काय घडले?

रॉबिन्सन यांचा जन्म १ मे १९३९ रोजी व्हर्जिनियातील रिचमंडचा. १९५९ मध्ये याच राज्यातील पोर्ट्समथच्या छोट्या स्थानिक वाहिनीत बातम्या वाचण्यासाठी जागा निघाली, तीही गोऱ्यांसाठीच. रॉबिन्सन तरीही चाचणीला गेले आणि निवडले गेले. वाहिनीने मग सोयीचा तोडगा काढला. ते बातम्या वाचत तेव्हा पडद्यावर एक स्थिर पाटी झळके. आवाज ऐकू येई, माणूस दिसत नसे.

एके दिवशी, निदान नातेवाईकांना तरी आपण दिसावे म्हणून, त्यांनी पाटी काढायला लावली. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढण्यात आले. गोऱ्या प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या होत्या.

आज हे अतर्क्य वाटेल. तेव्हाच्या व्हर्जिनियात ते तसे नव्हते. कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या वर्गात बसू द्यावे लागू नये, म्हणून शेजारच्याच नॉर्फोकमधील सहा शाळा १९५८ च्या सप्टेंबरपासून काही महिने चक्क बंद ठेवण्यात आल्या होत्या.

चेहरा कधी दिसला?

१९६५ मध्ये ते वॉशिंग्टनच्या डब्ल्यूटीओपी या स्थानिक वाहिनीत लागले. पुढे तिथल्याच डब्ल्यूआरसी वाहिनीसाठी त्यांनी रस्त्यावर उतरून बातमीदारी केली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर राजधानी पेटली, त्याचे वार्तांकनही केले. अ‍ॅनाकोस्टिया भागातील कृष्णवर्णीयांच्या जगण्यावरील त्यांच्या माहितीपटाला एमी पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये डब्ल्यूटीओपीने त्यांना परत बोलावले, ते गॉर्डन पीटरसन यांच्यासोबत मुख्य निवेदक म्हणून. आता मध्ये पाटी नव्हती.

पुढे काय झाले?

एबीसीचे तीन निवेदक होते : वॉशिंग्टनमध्ये फ्रँक रेनॉल्ड्स, लंडनमध्ये पीटर जेनिंग्ज आणि शिकागोत रॉबिन्सन. पण तिथे ते रमले नाहीत. १९८१ मध्ये स्मिथ कॉलेजमधील भाषणात त्यांनी वाहिन्यांमधील वर्णभेदावर उघड टीका केली. १९८३ नंतर ते या पदावर राहिले नाहीत.

२० डिसेंबर १९८८ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, एड्समुळे त्यांचे निधन झाले. या आजाराबाबत कृष्णवर्णीय समाजात जागृती व्हावी, यासाठी मृत्यूचे कारण लपवू नये, अशी त्यांची इच्छा होती. कुटुंबाने ते जाहीर केले.