शिवणयंत्रावर घडलेली मापे

पैठण तालुक्यातील पाचोडला मोसंबीच्या बागेतल्या विहिरीवरील मोटारीचे बेअरिंग गेले, तर शेतकरी बाजारपेठेतील दुकानात जाऊन फक्त एक नंबर सांगतो. 6205 म्हटले की आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 52 आणि रुंदी 15, हे ठरलेले असते. मोटार कोइमतूरची असो वा महाराष्ट्रातली, बेअरिंग पुण्याच्या कारखान्यातले असो वा परदेशातले, ते आपल्या जागी बसते. त्यावर कानस फिरवावी लागत नाही. दुकानदाराला वा शेतकऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही. परंतु एका कारखान्यात घडलेला भाग दुसऱ्या कारखान्याच्या यंत्रात निमूटपणे बसावा, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी दुर्मीळ होती. ती सर्वसामान्य करण्यात ज्या मोजक्या माणसांचा वाटा आहे, त्यांत स्वीडनमधील सरकारी बंदूक कारखान्याचे कारागीर कार्ल एडवर्ड योहान्सन यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांची मापे बेअरिंगसाठी किंवा मोटारींसाठी जन्मली नव्हती. ती जन्मली बंदुकीची नळी आणि तिच्यात बसणारे काडतूस यांच्या गरजेतून.

योहान्सन यांचा जन्म 15 मार्च 1864 रोजी मध्य स्वीडनमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती. त्या काळी हजारो स्वीडिश तरुण पोटापाण्यासाठी अमेरिकेची वाट धरत. कार्लनेही 1882 मध्ये आपल्या भावासह मिनेसोटा गाठले. तेथे लाकूड कापण्याच्या गिरणीत काम करावे आणि गुस्ताव्हस अडॉल्फस महाविद्यालयात शिकावे, असा त्याचा क्रम होता. दोन-एक वर्षांतच तो मायदेशी परतला आणि एस्किल्स्तूना या गावी आला. सुऱ्या, कात्र्या, कुलपे आणि पोलादी हत्यारे यांसाठी हे गाव प्रसिद्ध होते. तेथील कार्ल गुस्ताफ बंदूक कारखाना 1813 पासून स्वीडनच्या सैन्याला शस्त्रे पुरवीत होता. दिवसा कारखान्यात उमेदवारी आणि संध्याकाळी व रविवारी तांत्रिक शाळा, असे शिक्षण घेत 1880 च्या दशकाच्या अखेरीस योहान्सन शस्त्रांची तपासणी करणाऱ्या जबाबदारीच्या पदापर्यंत पोहोचले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. होते ते हाताचे कसब आणि मापाविषयीची विलक्षण आस्था.

याच सुमारास बंदुकीच्या तंत्रात मोठी उलथापालथ होत होती. काळ्या दारूच्या जागी धूर न करणारी नवी दारू आली आणि नळीतील दाब पूर्वीच्या मानाने खूपच वाढला. स्वीडनने आपली 12.17 मिलिमीटरची जुनी रेमिंग्टन बंदूक बाजूला ठेवून 6.5 मिलिमीटरची, जर्मन बनावटीची माउझर स्वीकारली. तिच्या काडतुसाची पितळी पुंगळी 55 मिलिमीटर लांबीची. बार उडतो तेव्हा ही पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि तप्त वायूला मागे येण्याची वाट बंद करते. हे नीट घडायचे तर पुंगळी आणि चेंबर यांतील जागा अगदी नेमकी हवी. पुंगळी प्रमाणापेक्षा लांब असेल तर बोल्ट बंद होत नाही. फार आखूड असेल तर बार उडताच ती मागे ताणली जाते, बुडाजवळ फाटू शकते, आणि जो वायू गोळीला पुढे ढकलायचा तो नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. सुताराचे काम सूतभर इकडेतिकडे झाले तरी भागते. येथे मिलिमीटरच्या शतांशातील चूकही अंगाशी येण्याजोगी होती.

म्हणूनच शस्त्रांच्या कारखान्यात प्रत्येक मापासाठी गेजची जोडी असे. त्यातले एक जायलाच हवे, दुसरे जाताच कामा नये. पहिले अडले तर वस्तू बाद आणि दुसरे गेले तरीही बाद. आकडा वाचायचा नाही, अंदाज करायचा नाही, त्यामुळे साधा कामगारही चोख तपासणी करू शके. मात्र बंदुकीत अशी मापे शेकड्यांनी असतात. प्रत्येक मापाला स्वतंत्र गेज, त्या गेजची झीज तपासायला आणखी एक गेज, असे करता करता कारखान्यात गेजचेच जंगल माजे. नव्या बंदुकीच्या खरेदीनिमित्त स्वीडिश सरकारने जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्यात जे पथक धाडले, त्यात योहान्सन होते. तेथे त्यांना ठरावीक मापांचे पोलादी ठोकळे वापरात दिसले. पद्धत उत्तम, पण येथेही खोट तीच होती. जितकी मापे तितके ठोकळे. ही बंदूक एस्किल्स्तूनात करायची तर केवळ ठोकळे घडवण्यातच किती काळ जाईल, या विवंचनेत ते 1896 मध्ये परतीच्या आगगाडीत बसले. आणि त्या प्रवासातच त्यांना तोडगा सुचला.

प्रत्येक मापाचा ठोकळा करायचाच कशाला? थोडे ठोकळे असे निवडावेत, की त्यांच्या बेरजेतून हवे ते माप उभे राहील. वाण्याच्या दुकानात 1, 2 आणि 5 किलोची वजने एकत्र ठेवून 8 किलोचे माप होते, हे आपण रोज पाहतो. तीच युक्ती योहान्सन यांनी लांबीला लावली. पहिल्या मालिकेत 1.01 पासून 1.49 मिलिमीटरपर्यंत शतांशाच्या अंतराने 49 ठोकळे. दुसरीत 0.5 पासून 24.5 पर्यंत अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने आणखी 49. तिसरीत 25, 50, 75 आणि 100 असे चारच. एकूण 102. कोणाला 37.68 मिलिमीटर हवे असेल, तर 1.18, 11.5 आणि 25 हे तीन ठोकळे जोडले की काम झाले. अशा रीतीने 102 ठोकळ्यांतून 1 ते 201 मिलिमीटरपर्यंतची, शतांशाच्या अंतराने सुमारे 20,000 मापे मिळत. एका लाकडी पेटीत मावणारा हा संच गेजने भरलेल्या कपाटांची जागा घेऊ शकत होता. आपल्याकडे टूलरूममध्ये ज्यांना स्लिप गेज म्हणतात, ते हेच.

कल्पना कागदावर सोपी दिसते. पण तीन-चार ठोकळे जोडायचे तर प्रत्येकातली चूक बेरजेत येणार. म्हणजे प्रत्येक ठोकळा हव्या त्या अचूकतेहून कितीतरी पटींनी अधिक अचूक हवा, आणि त्याची दोन्ही पाती आरशासारखी सपाट व एकमेकींना समांतर हवीत. असे काम करणारे यंत्र कारखान्यात नव्हते. योहान्सन यांचा विवाह 1896 मध्येच मार्गारेटा यांच्याशी झाला होता. संसारात आलेल्या सिंगर शिवणयंत्राचे रूपांतर त्यांनी घासकाम करणाऱ्या यंत्रात केले. पायाने चालणारे चाक तेच, पण सुईच्या जागी आता पोलाद घासले जाऊ लागले. ठोकळ्यांचे ढोबळ काम कारखान्यात होई आणि अखेरचा हात घरी फिरे. पाणी दिलेले पोलाद काही महिन्यांनी आपसूक किंचित वाढते वा आकसते, ही आणखी एक अडचण होती. पोलाद स्थिर राहावे यासाठी तापवण्या-थंड करण्याची रीत त्यांनी शोधून काढली. तिचा फारसा बोभाटा होऊ न देण्याची काळजीही त्यांनी घेतली.

या घासकामातून एक अनोखी गोष्ट दिसून आली. स्वच्छ पुसलेले दोन ठोकळे एकमेकांवर सरकवत दाबले की ते असे चिकटत, की सहजी ओढून निघत नसत. गोंद नाही, चुंबक नाही. सपाट पृष्ठभागांमधील अत्यंत पातळ थर आणि कणाकणांतील आकर्षण यांचा तो परिणाम. वातावरणाचा दाब एकट्याने जितके धरून ठेवील त्याहून ही पकड मजबूत असते. ठोकळे जोडताना मध्ये फट राहत नाही, त्यामुळे बेरीज खरी ठरते. सारी पद्धत या चिकटण्यावरच उभी आहे.

स्वीडनच्या पेटंट कार्यालयाला मात्र यात शोध असा काही दिसेना. बेरीज हा काही शोध नव्हे, असाच एकूण सूर होता. बऱ्याच पाठपुराव्यानंतर 1901 च्या तारखेचे, 17017 क्रमांकाचे पेटंट त्यांच्या नावे झाले. पेटंटपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच होता. ठोकळा 100 मिलिमीटरचा आहे, हे सांगणार कोण? त्यासाठी योहान्सन यांनी आपला ठोकळा पॅरिसजवळच्या सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजन-माप संस्थेकडे नेला. तेथे प्रमाण मीटर 0 अंश तापमानाला मानला जाई. कारखान्यात कोणी बर्फात काम करीत नाही. 100 मिलिमीटरचे पोलाद एका अंशाला साधारण एक मायक्रॉनहून थोडे अधिक वाढते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42 वर गेला, तर 20 अंशांना बरोबर असलेला तो ठोकळा सुमारे 25 मायक्रॉनने लांब झालेला असतो, आणि तेवढ्याने अचूकता पार धुळीला मिळते. योहान्सन यांनी आपल्या मापांसाठी 20 अंश सेल्सिअस हे तापमान पक्के केले. तेच पुढे 1931 मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने प्रमाण म्हणून स्वीकारले. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा किंवा वाळूज औद्योगिक वसाहतीतील मापन-खोलीत वातानुकूलन यंत्र असते, ते माणसांच्या सुखासाठी नसते. या 20 अंशांसाठी असते.

इंचाच्या बाबतीत त्यांनी जे केले, ते ठोकळ्यांहूनही मोठे मानावे लागेल. अमेरिकेचा इंच 25.4 मिलिमीटरहून केसाच्याही अंशाने मोठा होता आणि इंग्लंडचा किंचित लहान. दोन्ही देश आपापला इंच सोडायला तयार नव्हते. योहान्सन यांनी 1912 मध्ये इंची ठोकळे काढले तेव्हा दोहोंच्या मधला, बरोबर 25.4 मिलिमीटरचा इंच धरला. कोणतीही परिषद भरली नाही, कोणताही करार झाला नाही. कारखानदार त्यांचे ठोकळे विकत घेत गेले आणि त्यांच्यासोबत तो इंचही घेत गेले. ब्रिटिश प्रमाणसंस्थेने 1930 मध्ये, तर अमेरिकन संस्थेने 1933 मध्ये उद्योगांसाठी तोच इंच मान्य केला. सरकारांना एकमत व्हायला 1959 साल उजाडले. तोपर्यंत योहान्सन यांना जाऊन 16 वर्षे झाली होती.

अमेरिकेत हे संच प्रथम वापरणाऱ्यांत कॅडिलॅक मोटारींचे निर्माते हेन्री लेलँड होते. लेलँड यांचेही शिक्षण शस्त्रांच्या कारखान्यांतच झालेले. त्यांच्या कंपनीने 1908 मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे तीन मोटारी सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले. काही भाग काढून कोठारातले नवे घातले, पुन्हा तीन मोटारी जोडल्या आणि त्या 500 मैल पळवून दाखवल्या. पहिल्या महायुद्धात तर तोफगोळे, बंदुका आणि काडतुसे यांच्या उत्पादनासाठी योहान्सन ठोकळ्यांवाचून पान हलेना. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिथल्या प्रमाणसंस्थेला जाणवले, की अवघ्या देशाची शस्त्रनिर्मिती तटस्थ स्वीडनमधील एका कारागिराच्या मालावर अवलंबून आहे. विल्यम होक या अमेरिकन अभियंत्याच्या पद्धतीने तेथे यंत्रावर ठोकळे करण्याचा खटाटोप झाला आणि तो यशस्वीही झाला. योहान्सन यांची मक्तेदारी मोडली ती येथे.

काडतूस आणि गेज यांचे नाते आजही तितकेच घट्ट आहे. पुण्याच्या खडकीत 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, जळगाव जिल्ह्यातील वरणगावी 1964 पासून. 2021 मध्ये हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे हे काम आपल्याकडे कारखान्यांच्या भिंतींआडच चालते. अमेरिकेत मात्र नेमबाज झाडलेली पुंगळी पुन्हा भरून वापरतात आणि त्यासाठीचे गेजही पुष्कळदा घरच्या लेथवर स्वतःच करतात. पोलादाच्या गोल तुकड्याला आरपार भोक पाडून चेंबरच्या आकाराचा रीमर फिरवायचा आणि तोंडाशी एक बारीक पायरी ठेवायची. आत टाकलेल्या पुंगळीचे बूड पायरीच्या दोन पातळ्यांमध्ये राहिले तर ती चालेल. वर आले वा खाली गेले तर नाही. ही पायरी मिलिमीटरच्या काही शतांशांची. तिची खोली ताडून पाहायला पुन्हा योहान्सन यांचेच ठोकळे लागतात.

व्यवहारात योहान्सन मापाइतके पक्के नव्हते. अमेरिकेत पकिप्सी येथे 1918 च्या सुमारास काढलेला त्यांचा कारखाना युद्ध संपताच मागणी घटल्याने अडचणीत आला. 1923 मध्ये तो हेन्री फोर्ड यांनी घेतला आणि वयाच्या 59 व्या वर्षी मालकाचे नोकर होऊन योहान्सन डिअरबॉर्नला रुजू झाले. फोर्ड यांना दर मिनिटाला रांगेतून उतरणाऱ्या मोटारीसाठी बिनचूक भाग हवे होते, योहान्सन यांना निवांत प्रयोगशाळा. त्यामुळे हा सौदा दोघांनाही मानवला. तेरा वर्षे तेथे काढून 1936 मध्ये ते 72 व्या वर्षी एस्किल्स्तूनाला परतले. त्यांच्या नावाआधी माप हा शब्द जोडूनच स्वीडनचे लोक त्यांना ओळखत.

जग दुसऱ्यांदा युद्धात होरपळत होते आणि दोन्ही बाजूंच्या शस्त्रांच्या कारखान्यांत त्यांचे ठोकळे कामावर होते. अशा काळात 30 सप्टेंबर 1943 रोजी एस्किल्स्तूनातच त्यांचे निधन झाले. स्वीडनच्या शाही अभियांत्रिकी अकादमीचे मोठे सुवर्णपदक त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर अल्पावधीतच, त्यांना प्रदान करण्यात आले.