दगडांचा वाचक : स्टीफन हिस्लॉप

डहाणू-तलासरीच्या शाळांतून प्राचीन जीवसृष्टीचा धडा शिकविताना शिक्षकाची एक पंचाईत होते. पुस्तकात ट्रायलोबाइटचे चित्र असते. तीन खंडांत विभागलेला देह, पाठीवर कठीण कवच, कात टाकून वाढण्याची रीत आणि वास्तव्य केवळ समुद्रात, असा हा प्राणी. चित्र पाहून मुले गावातील दगड गोळा करून आणतात. परंतु महालक्ष्मीच्या सुळक्यापासून महामार्गासाठी फुटणाऱ्या खडीपर्यंत कोठेही धुंडाळले तरी ट्रायलोबाइट हाती लागणार नाही. येथील काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे; ट्रायलोबाइटांचा वंश तर सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच बुडाला. स्पितीच्या किंवा काश्मीरच्या खडकांत त्याचे अवशेष आहेत, महाराष्ट्रात नाहीत. मग जीवाश्म ही कोठली तरी दूरची, आपल्या मातीशी संबंध नसलेली वस्तू आहे, अशी समजूत मुलांच्या मनात घर करते, आणि पुष्कळदा शिक्षकांच्याही.

ही समजूत खोडून काढण्यास एक चरित्र उपयोगी पडेल. डहाणूजवळ अरबी समुद्राला भिडणारा हा काळा कातळ पूर्वेकडे पसरत पसरत नागपूरला येऊन संपतो. पश्चिमेस लाव्हाचे थर जाड आहेत. पूर्वेच्या कडेला ते पातळ झाले असून त्यांच्या मधल्या फटींत जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो. तो गाळ ज्याने चिकाटीने वाचला तो गृहस्थ भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. तो मिशनरी होता आणि पोटापाण्याचे त्याचे काम शाळा चालविण्याचे होते.

स्टीफन हिस्लॉप याचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. लहानपणीच भावाच्या संगतीने कीटक जमविण्याचा नाद लागला. एडिनबरो व ग्लासगो येथे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या धर्मपीठात फूट पडली तेव्हा तो फुटून निघालेल्या स्वतंत्र पंथाबरोबर गेला. १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरला आणि १८४५ च्या प्रारंभी नागपुरास पोहोचला. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते आणि इंग्रजी फौज कामठीस होती. हिस्लॉप मराठी शिकला आणि १८४६ मध्ये त्याने शाळा काढली. पुढे १८८३ मध्ये नागपुरात निघालेल्या महाविद्यालयास त्याचेच नाव देण्यात आले. धर्मांतराच्या ज्या उद्दिष्टाने तो आला होता, त्यात त्याला फारसे यश लाभले नाही. आज त्याचे स्मरण व्हायचे तर ते त्याने फावल्या वेळात केलेल्या कामासाठीच.

१८५१ साली, रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूरच्या पश्चिमेस टाकळीच्या बाजूला फिरताना, त्याला दगडात गोगलगायीचे शंख दिसले. अशी शंखशिंपली पूर्वी माल्कमसननेही पाहिली होती. त्यामुळे शोध अगदीच अपूर्व नव्हता. अपूर्व होती ती चिकाटी. शाळेच्या सुट्टीत, संध्याकाळच्या फेरफटक्यात आणि प्रचाराच्या दौऱ्यांत हे दोघे त्या पातळ थराचा माग काढीत राहिले. टाकळीत शंखांबरोबर फळे व बिया मिळाल्या. भुंग्यांच्या कठीण पंखांचे ठसेही मिळाले. सीताबर्डीच्या टेकडीत तर तळाशी प्राचीन खडक, त्यावर लाव्हा, मध्ये गोड्या पाण्याचा गाळ आणि पुन्हा वर लाव्हा अशी सारी रचना एका दृष्टिक्षेपात दिसत होती. जे शंख सापडले ते समुद्रातले नव्हते, तळ्यातले होते. त्यावरून निघणारा अर्थ साधा परंतु दूरगामी होता. हा लाव्हा समुद्राच्या तळाशी साचला नव्हता, तर उघड्या जमिनीवर पसरला होता. एका उद्रेकानंतर दुसरा होईपर्यंत इतका अवधी जाई की मधल्या काळात तळी भरत, झाडे फळत आणि किडे उडत. मग पुन्हा आग येई. थराचा काळ ठरविताना मात्र हिस्लॉप चुकला. त्याने तो आज मानला जातो त्याहून अलीकडचा धरला. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून कालगणना करण्याचे तंत्र तेव्हा जगात कोणापाशीच नव्हते.

दोघांचा नागपूर परिसरावरील प्रबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी हंटर मायदेशी परतला आणि पुढचे काम हिस्लॉपने जवळजवळ एकट्याने ओढले.

लाव्हाच्या खाली याहून पुष्कळ जुने वालुकाश्म आहेत. कामठी व सिलेवाडा येथील दगडांत त्याला जिभेच्या आकाराची पाने मिळाली. ही ग्लॉसोप्टेरिस नावाची वनस्पती. बंगालच्या कोळशाच्या थरांतही तीच आढळत असल्याने विदर्भातील खडकांचे नाते त्या थरांशी जुळले. अर्थव्यवहाराच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हती; वर्धा खोऱ्यातील कोळसा याच खडकसमूहातला, आणि १८७० च्या दशकात वरोऱ्यास त्याची सरकारी खाण सुरू झाली. पुढे या खडकांना गोंडवन हे नाव मिळाले. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावलेल्या स्कॉटच्या तुकडीजवळ जे दगड सापडले, त्यांतही ग्लॉसोप्टेरिसची पाने होती. दक्षिण गोलार्धातील खंडे एके काळी एकत्र होती याचा हा एक बळकट पुरावा. मलेरी येथील ज्या दातांना ओल्डहॅमने १८५९ मध्ये हिस्लॉपचे नाव दिले, ते सेरॅटोडस या फुप्फुसधारी माशाचे होते. त्या वेळी हे मासे केवळ दगडांतूनच ठाऊक होते; त्यांचा जिवंत आप्त ऑस्ट्रेलियात आहे हे शास्त्रज्ञांना १८७० मध्ये, हिस्लॉपच्या पश्चात, कळले.

परंतु मूळ ट्रायलोबाइटच्या धड्याशी ज्याचा निकटचा संबंध आहे ते स्थळ म्हणजे नागपूरच्या दक्षिणेचे मांगली. येथील थर ट्रायासिक कालखंडाच्या प्रारंभीचा, म्हणजे ट्रायलोबाइट संपल्यानंतर फार काळ न लोटलेला, असा मानला जातो. येथे मिळालेल्या रुंद डोक्याच्या उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन ओवेनने १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स या नावाने केले. पण त्याच दगडात, बोटाच्या नखाहून लहान, असंख्य द्विपुट कवचे होती. दिसायला शिंपली, प्रत्यक्षात कोळंबीचे दूरचे आप्त, ट्रायलोबाइटप्रमाणेच संधिपाद. १८६२ मध्ये रूपर्ट जोन्सने त्यांना मांगलीचेच नाव दिले. आता मौज अशी की याच गटातील जिवंत प्राणीही हिस्लॉपने नागपूर परिसरातील पाण्यातून गोळा करून लंडनला धाडले होते. त्यांपैकी एका जातीस बेअर्डने १८५९ मध्ये हिस्लॉपचे नाव दिले. सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी म्हणून ती आज शास्त्राला ठाऊक आहे आणि जगाच्या बहुतेक उष्ण प्रदेशांत आढळते. या गटातील पुष्कळ जातींची अंडी वाळलेल्या चिखलात तग धरतात आणि पाऊस पडताच फुटतात. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या मांगलीत समुद्र नव्हता, भरणारी व आटणारी उथळ पाणथळ जागा होती, हे जिवंत जातींच्या या रीतीवरून उमगते. मृत दगडाचा अर्थ लावायचा तर जवळचे डबके पाहिले पाहिजे, हा धडा शिकविण्यासाठी ट्रायलोबाइटच हवा असे नाही. श्रावणातले शेतातले पाणी आणि साधे भिंग एवढ्याने डहाणूतही प्रारंभ करता येईल.

या थोरवीला दुसरी बाजूही आहे. नमुने लंडनला गेले. नावे पडली ती लॅटिन आणि इंग्रजी. खेडोपाडी वाट दाखविणाऱ्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत. ज्या टाकळीच्या मातीने एवढे दिले ती आता नागपूर शहरात गडप झाली आहे. कातळाकडे खडीचा साठा म्हणून पाहणाऱ्या व्यवहारात दगडाची किंमत ब्रासावर ठरते; त्या दगडात काय लिहिलेले आहे याचा हिशेब कोणत्याच वहीत धरला जात नाही.

अखेरच्या वर्षांत हिस्लॉपचे लक्ष माणसांकडेही वळले होते. गोंडांची भाषा, त्यांच्या कथा व लिंगोचे गीत तो टिपून ठेवीत होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेला. मुक्काम बोरीस होता. संध्याकाळी तो घोड्यावरून एकटाच मागून येत होता आणि वाटेतला ओढा पावसाने फुगला होता. घोडा स्वाराविना छावणीत आला तेव्हा शोध सुरू झाला, आणि पाण्यात देह सापडला. सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते.

गोंडांविषयीची त्याची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. वरोऱ्याकडील पिसदुरा येथे त्याला मिळालेल्या सरीसृपांच्या हाडांविषयीचा लेखही त्याच्या मृत्यूनंतर, १८६४ मध्ये, लंडनला प्रसिद्ध झाला. त्याच पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत २००५ साली भारतीय व परदेशी संशोधकांना गवताचे सूक्ष्म कण आढळले. डायनासोरांच्या काळी पृथ्वीवर गवत होते आणि ते खाल्ले जात होते, हे त्यावरून प्रथमच कळले. ज्या शिलावर्तुळांनी हिस्लॉपला ओढून नेले, त्या टाकळघाटचे रीतसर उत्खनन १९६८-६९ मध्ये शां. भा. देव यांनी केले.