चॉकलेटच्या चांदीचा मासा घडवणारा कोळी : लाउरी रापाला

ऑगस्ट 1962. अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकाचा अंक हातोहात खपत होता. मर्लिन मन्रोचं नुकतंच निधन झालं होतं आणि मुखपृष्ठावर तिचाच फोटो होता. त्याच अंकात फिनलंडमधल्या एका कोळ्याने बनवलेल्या लाकडी माशावर लेख होता. मन्रोसाठी अंक घेतलेल्या लाखो लोकांनी तो लेखही वाचला. त्यानंतर मागणी इतकी वाढली की माल पुरेना.

त्या कोळ्याचं नाव लाउरी रापाला. गळाने मासे धरणाऱ्यांच्या जगात आज हे नाव ठाऊक नाही असा माणूस सापडणं अवघड. पण हे आडनाव त्याचं मूळचं नव्हतंच.

1905 साली फिनलंडमधल्या सिस्मा इथे लाउरीचा जन्म झाला. घरची गरिबी होती. तो सात वर्षांचा असताना आई मारी त्याला घेऊन आसिक्काला भागात राहायला गेली. तिथल्या चर्चच्या नोंदवहीत नाव घालताना पाद्रीबाबांना या मायलेकरांचं आडनाव आठवेना. मग त्यांनी ते ज्या वस्तीतून आले होते तिचंच नाव लिहून टाकलं, रापाला. फिनिश भाषेत ‘रापा’ म्हणजे चिखल.

1928 साली लाउरीचं एल्माशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली. लाउरी हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड करायचा आणि बर्फ वितळला की पायअन्ने सरोवरात मासेमारी. हे फिनलंडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं सरोवर. त्याचं पाणी इतकं चांगलं की आज 120 किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून ते राजधानी हेलसिंकीला पिण्यासाठी नेलं जातं.

लाउरीची मासेमारी म्हणजे नुसती अंगमेहनत. लांब दोरीला शेकडो गळ बांधायचे आणि प्रत्येक गळाला आमिष लावायचं. त्यासाठी आधी लहान मासे पकडायचे. दिवसाचा मोठा वेळ आमिषातच जायचा. घरात खाणारी तोंडं वाढत होती आणि हाताखाली माणूस ठेवण्याइतके पैसे नव्हते.

होडी वल्हवताना त्याचं लक्ष मात्र पाण्यात असायचं. लहान माशांचा थवा शांत पोहत असतो. पाइकसारखा शिकारी मासा खालून येतो, पण सरसकट सगळ्यांवर तुटून पडत नाही. थव्यात एखादा मासा जखमी असतो, किंचित डगमगत, एका बाजूला झुकत पोहत असतो. शिकारी नेमका त्यालाच उचलतो. लाउरीने हे पुन्हा पुन्हा पाहिलं. आमिष म्हणून मासाच हवा असं नाही, ती डगमगती चाल हवी, हे त्याच्या ध्यानात आलं.

1936 साली त्याने पहिला खोटा मासा तयार केला. त्यासाठी विकत आणण्यासारखं काही परवडत नव्हतं, म्हणून घरात सापडेल ते वापरलं. अंग बुचाचं. कोरायला चांभाराची रापी, घासायला काचकागद. चकाकीसाठी चीज आणि चॉकलेटवरची चांदी चिकटवली. पाण्यापासून बचाव व्हावा म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. असे बरेच नमुने झाले, बरेच फसले. अखेर ओढल्यावर जखमी माशासारखा डोलणारा एक जमला. या आमिषावर तो एका दिवसात 600 पौंड, म्हणजे पावणेतीन क्विंटलच्या आसपास मासे पकडायचा, अशी दंतकथाही पुढे रुजली.

या माशात एवढं काय होतं? उथळ, नितळ आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात गळ टाकला की ते कळतं.

नितळ पाण्यात माशाला लांबूनच आमिष दिसतं आणि ते नीट निरखायला वेळही मिळतो. तिथे भडक रंग आणि अवजड आकार मासे बुजवतात. लाउरीचा मासा सडपातळ होता आणि रंगाने खऱ्या माशाच्या जवळ जाणारा. दुसरं म्हणजे तो तरंगायचा. ओढला की तोंडाजवळच्या छोट्या पात्यामुळे थोडासा बुडून डोलायचा आणि ओढणं थांबवलं की आपोआप वर यायचा. धातूचं जड आमिष अशा ठिकाणी तळाला जाऊन वनस्पतींत अडकतं. हा मात्र तिच्या शेंड्यांवरून निघून जातो.

त्यालाही मर्यादा आहेच. पोटाखाली उघडे गळ असल्याने दाट गचपणात तोही अडकतो. म्हणून नवशिक्याने तो वनस्पतींच्या कडेने किंवा मधल्या मोकळ्या पट्ट्यांतून फिरवावा. गचपणातच टाकायचं असेल, तर गळाचं टोक झाकलेलं आमिष बरं.

महायुद्धानंतर एल्मा आणि मुलांच्या मदतीने घरचा धंदा वाढला. बूच आणि झाडाच्या सालीची जागा पुढे बाल्सा या हलक्या लाकडाने घेतली. 1959 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा रॉन वेबर कॅनडात मासेमारीला गेला होता. तिथे त्याला हे आमिष वापरणारे फिनिश लोक भेटले. त्याने मित्र रे ऑस्ट्रमला सोबत घेऊन थेट फिनलंडहून माल मागवला. तीनच वर्षांनी ‘लाइफ’चा तो अंक आला. काही दुकानदार तर अनामत रक्कम ठेवून हे मासे भाड्याने द्यायचे, असं सांगतात.

मागणी वाढली तरी लाउरीने एक गोष्ट सोडली नाही. तयार झालेला प्रत्येक मासा पाण्यात ओढून बघायचा आणि नीट डोलत नसेल तर हाताने दुरुस्त करायचा. खोक्यात तो कितीही सुंदर दिसो, मासे त्याची चाल बघतात, हे तो विसरला नव्हता.

1974 साली लाउरी रापालाचं निधन झालं. तोवर नोंदवहीत चुकून लिहिलेलं त्याचं आडनाव जगभरातल्या दुकानांत पोहोचलं होतं. पाण्यात तपासल्याशिवाय मासा विकायचा नाही, ही त्याची रीत कंपनीने त्याच्यामागेही चालू ठेवली.