मिशन शाळेतला अझीमुल्ला

आबिड्सच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांत परवा अझीमुल्ला खान पुन्हा भेटला. १८३७-३८ च्या दुष्काळात कानपूरच्या मिशनने या पोराला आईसह आसरा दिला. इंग्रजी, फ्रेंच शिकून तो माझ्यासारखाच शाळामास्तर झाला. पुढे नानासाहेब पेशव्यांचा वकील म्हणून लंडनला गेला. बंद पडलेली आठ लाखांची पेन्शन काही मिळाली नाही. परतताना १८५५ त मुद्दाम वाट वाकडी करून क्रिमियात गेला, अन् सेवास्तोपोलपुढे रशियाने इंग्रज-फ्रेंचांना कसं जेरीस आणलंय ते स्वतः पाहिलं. दोनच वर्षांनी कानपूर पेटलं. बीबीघरात कैदेतल्या बायकापोरांची कत्तल झाली. त्यात त्याचा हात किती, यावर वाद आहे. वर्गात मी त्याचं शौर्य तेवढं शिकवलं, बीबीघर गाळलं. ते आता खुपतं.

– एक निवृत्त शिक्षक, आबिड्स