जॉन मोझेस ब्राउनिंग
जॉन मोझेस ब्राउनिंग (जन्म : २३ जानेवारी, १८५५, ऑग्डेन, युटा – मृत्यू : २६ नोव्हेंबर, १९२६, लिएज, बेल्जियम) हे अमेरिकन शस्त्रसंशोधक होते. शिकारीच्या आणि पोलिसी वापराच्या छऱ्यांच्या बंदुकीला (शॉटगन) आजचे स्वरूप देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत.

प्रारंभिक जीवन
वडील जोनाथन ब्राउनिंग हे बंदुका घडविणारे कारागीर होते. त्यांच्याच दुकानात जॉन हा व्यवसाय शिकले. १८७९ मध्ये त्यांना एकबारी रायफलीचे पहिले पेटंट मिळाले. विंचेस्टर कंपनीने १८८३ मध्ये तिचे हक्क विकत घेतले आणि दोघांच्या दीर्घ सहकार्यास प्रारंभ झाला.

शॉटगनची रचना
त्या काळी शिकारी बहुधा दुनळी बंदूक वापरीत. दोन बार झाले की ती उघडून पुन्हा भरावी लागे. ब्राउनिंग यांनी प्रथम तरफेवर चालणारी बंदूक (१८८७) तयार केली. पुढचा लाकडी दस्ता मागेपुढे सरकवून काडतूस भरण्याची, म्हणजेच 'पंप' पद्धत त्यांना अधिक योग्य वाटत होती. मात्र तरफ ही विंचेस्टरची ओळख असल्याने कंपनीने तिचाच आग्रह धरला होता. पंप पद्धतीची बंदूक १८९३ मध्ये आली. धूरविरहित दारूचा दाब सोसू शकेल अशी तिची मजबूत आवृत्ती १८९७ मध्ये निघाली व १९५७ पर्यंत तयार होत राहिली. शिकाऱ्यांनी लांब नळीची, तर पोलिसांनी आखूड नळीची बंदूक स्वीकारली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ती खंदकांत वापरली; त्याविरुद्ध जर्मनीने १९१८ मध्ये औपचारिक निषेध नोंदविला.

विंचेस्टरशी फारकत
पुढे ब्राउनिंग यांनी स्वयंभरणी शॉटगन सिद्ध केली. बार होताच नळी व खटका धक्क्याने एकत्र मागे सरकत आणि पुढचे काडतूस आपोआप भरले जाई. हलक्या व भारी काडतुसांनुसार आतील घर्षणकडी बदलून बसवावी लागे. विंचेस्टर एकरकमी मोबदला देऊन आराखडे घेत असे. ब्राउनिंग यांनी या बंदुकीसाठी विक्रीवर स्वामित्वधन मागितले. कंपनीने नकार दिल्यावर ते रेमिंग्टनकडे गेले. ८ जानेवारी, १९०२ रोजी ते कार्यालयात भेटीची वाट पाहत असतानाच तेथील अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे निधन झाले. अखेर बेल्जियममधील एफएन कंपनीने ती बंदूक स्वीकारली. 'ऑटो-५' या नावाने ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तयार होत होती. विंचेस्टरला मात्र ब्राउनिंग यांची पेटंटे टाळून स्वतःची स्वयंभरणी शॉटगन काढण्यास १९११ साल उजाडले.

अखेरचे कार्य व मृत्यू
एकावर एक नळ्या असलेल्या 'सुपरपोज्ड' या दुनळी बंदुकीवर काम चालू असताना एफएनच्या कारखान्यातच हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. हे काम त्यांचे पुत्र व्हॅल ब्राउनिंग यांनी पूर्णत्वास नेले.