पालवणकर बाळू

क्रिकेटचा खेळ आपल्या देशांत साहेबलोकांबरोबर आला, आणि पुष्कळ वर्षें तो पैसा व फुरसत असणाऱ्यांचाच खेळ मानला जात असे. अशा खेळांत मैदान झाडणारा एक मुलगा शिरतो आणि पुढें सर्व हिंदुस्थानांत पहिल्या प्रतीचा गोलंदाज म्हणून नांवाजला जातो, ही गोष्ट सामान्य नव्हे.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें एका चांभार कुटुंबांत झाला. मूळ गांव कोंकणांतलें, हें आडनांवच सांगतें. वडील लष्करी नोकरींत असल्यामुळें मंडळी पुण्यास आली. तेथें गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या चेंडूफळ्यांवर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळूं लागले. शाळा लौकरच सुटली. पारशी लोकांच्या एका क्लबांत जमीन झाडण्याची व रूळ फिरविण्याची नोकरी मिळाली. पगार दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबांत चार रुपयांवर लागले. खेळपट्टी तयार करावी, रेघा माराव्या, जाळ्या उभाराव्या, आणि साहेबांस सराव हवा असला म्हणजे चेंडू टाकावे, असें हें काम होतें.

या जाळ्यांतच बाळूंचें खरें शिक्षण झालें. ते डाव्या हातानें संथ चेंडू टाकीत. ग्रेग नांवाचे लष्करी अधिकारी त्या काळचे नामांकित फलंदाज. ते इतरांच्या आधीं तासभर येऊन बाळूंची गोलंदाजी खेळत, आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळीं आठ आणे इनाम देत, असें सांगतात. महिन्यांतून आठ वेळां साहेब बाद झाला कीं पगार दुप्पट! परंतु इतके चेंडू टाकूनही बाळूंच्या हातीं कोणीं बॅट दिली नाहीं. बॅट धरणें हें साहेबाचें काम आणि घाम गाळणें हें नोकराचें, अशी ती वांटणी होती.

पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांना जिंकावयाचें होतें, व त्यासाठीं बाळूंवांचून गत्यंतर नव्हतें. बराच वाद होऊन त्यांस संघांत घेतलें. मैदानावर सर्वांनीं त्याच चेंडूस हात लावला. मात्र चहाच्या वेळीं इतर खेळाडू आंत बसत, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांत चहा मिळे. जेवणाचें ताटही वेगळें असे. महाड व पोलादपूरकडील मुलांस याचा अर्थ फोडून सांगावयास नको. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला; पण तो कागदावरच राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह त्या पाण्यास हात लावला तेव्हां मारामारी झाली. क्लबाचा चहा आणि तळ्याचें पाणी यांत फरक तो काय? न्यायमूर्ति रानड्यांनीं मात्र त्याच वेळीं पुण्याच्या मंडळींस बजावलें कीं, ज्याच्याबरोबर खेळतां त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कां असावी.

पुण्यांत प्लेग आला आणि बाळू मुंबईस गेले. तेथेंही हिंदु जिमखान्यांत प्रथम कुरकुर झालीच. बी. बी. सी. आय. रेल्वेंत त्यांस नोकरी मिळाली. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें. दुसऱ्या डावांत गोऱ्यांचा संघ अवघ्या १०२ धावांत आटोपला. बाळूंसह शिवरामही त्या सामन्यांत होते.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. महाराजांचें लक्ष मेजवान्यांकडे अधिक असल्यानें संघ बहुतेक सामने हरला. बाळूंचें वय तेव्हां पस्तिशीचें, खांदाही दुखत होता. तरी त्यांनीं ११४ गडी बाद केले, सरासरी १८·८४ धावा. लीस्टरशायरवरील विजय मुख्यतः त्यांचाच. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजानें त्यांचा सत्कार केला. त्या समारंभांत कॉलेजांत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनीं भाग घेतला होता.

इतकें होऊनही हिंदु संघाचें कप्तानपद त्यांस मिळालें नाहीं. १९१३ सालीं कप्तान झालेले एम. डी. पै यांनीं तर हा मान बाळूंचा होता असें मोकळ्या मनानें बोलून दाखविलें. १९२० सालीं बंधु शिवराम व विठ्ठल यांनीं पक्षपाताचा निषेध म्हणून संघ सोडला, तेव्हां कोठें बाळूंस उपकप्तान नेमण्यांत आलें, आणि पै मैदानाबाहेर गेले असतां थोडा वेळ संघ त्यांच्या हातीं आला. तेवढेंच! पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी घेणाऱ्या माणसास हें फार थोडें झालें. १९२३ सालीं विठ्ठल कप्तान झाले, आणि हिंदूंनीं युरोपियनांवर विजय मिळविला.

पुढें राजकारणांत बाळूंचा डॉ. आंबेडकरांशीं मतभेद झाला. स्वतंत्र मतदारसंघ त्यांस पटले नाहींत. १९३२ च्या पुणें करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसनें त्यांस मुंबईंत आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. ही उमेदवारी त्यांनीं स्वीकारावयास नको होती, असें आमचें मत आहे. तेथें त्यांच्या विचारांपेक्षां त्यांच्या नांवाचा उपयोग अधिक झाला. त्याच वर्षीं १७ मार्च रोजीं मुंबई हायकोर्टानें चवदार तळ्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें कायम केला.

बाळू ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस निवर्तले.