कागदावर नसलेली बायको

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढचं. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची चवड. नवरा जाऊन वर्ष होत आलेलं. पंचवीस वर्षं त्याच्याबरोबर संसार केला, सासूचं अंथरुणातलं सगळं काढलं, दोन मुलं वाढवली. पण लग्न गावच्या देवळात झालेलं. नोंदणी नाही, फोटो नाही, लग्न लावणारे गुरुजी कधीच वारले. आता जिथे जातील तिथे पहिला प्रश्न एकच, लग्नाचा पुरावा काय? बाई रडल्या नाहीत. एवढंच विचारत होत्या की मग इतकी वर्षं मी त्या घरात कोण होते?

त्या गेल्या आणि मला जोसेफिन आठवली.

ही जोसेफिन कोण, ते सांगते. आमच्या शेजारच्या वहिनींची मुलगी फिलिपिन्समध्ये दवावला डॉक्टरी शिकायला होती. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली तिथे जातात. सुट्टीत आली की तिकडच्या गोष्टी सांगायची. तिथे ३० डिसेंबरला सुट्टी असते. ती होसे रिझाल यांची पुण्यतिथी. रिझाल म्हणजे त्यांचे राष्ट्रपुरुषच. गावोगाव त्यांचा पुतळा, नाण्यावर त्यांचा चेहरा. पण मी विचारलं, त्यांची बायको कोण गं? तर म्हणाली, मावशी, तिथेच तर सगळा घोळ आहे! तेव्हापासून मी मिळेल ते वाचत गेले. या घोळात सापडलेली बाई म्हणजे जोसेफिन ब्रॅकन.

जोसेफिनचा जन्म ९ ऑगस्ट १८७६ चा, हाँगकाँगचा. आईवडील आयरिश. वडील ब्रिटिश फौजेत साधे शिपाईगडी. तिला जन्म दिल्यावर थोड्याच दिवसांत आई गेली. पदरी आणखी मुलं असलेल्या बापाने ही तान्ही पोर जॉर्ज टॉफर नावाच्या गृहस्थांना देऊन टाकली. म्हणजे जन्मापासूनच परक्या घरात वाढलेली, दुसऱ्याच्या मर्जीवर जगलेली मुलगी. पुढे या टॉफर यांची दृष्टी गेली. आता त्यांच्या हाताला धरून चालणं हेच तिचं काम झालं. कुणीतरी सांगितलं, की डोळ्यांचा एक नामी डॉक्टर आहे, पण तो फार लांब, दापितान नावाच्या बंदरात असतो. म्हणून फेब्रुवारी १८९५ मध्ये ही अठरा वर्षांची मुलगी आंधळ्या म्हाताऱ्याला घेऊन बोटीतून दापितानला उतरली. तो डॉक्टर म्हणजे रिझाल.

आता एवढा मोठा डॉक्टर त्या कोपऱ्यात काय करत होता? तर तो कैदी होता!

दापितान हे मिंदानाव बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं छोटंसं बंदर. गावाच्या नावाची एक कथा सांगतात. बोहोल बेटावरच्या एका सरदाराच्या घरच्या स्त्रीची परक्या राजाच्या माणसाने छेड काढली. सरदाराच्या लोकांनी त्याला जबर शिक्षा केली. त्याचा सूड म्हणून तेर्नातेच्या सुलतानाने गाव बेचिराख केलं. तेव्हा पाग्बुआया नावाचा सरदार उरलेल्या लोकांना घेऊन समुद्र ओलांडून आला आणि इथल्या टेकडीवर वसला. त्यांच्या बोलीत ‘दापित’ म्हणजे बोलावणं. बोलावून आणलेल्यांचं गाव ते दापितान. १५६५ मध्ये लेगास्पीच्या बोटी आल्या आणि स्पॅनिश अंमल सुरू झाला, तेव्हा या पाग्बुआयाने त्यांना मदत केली असंही सांगतात. पुढे तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं राज्य चाललं. दापितानला लष्करी ठाणं आलं, जेझुइट पाद्री आले, चर्च झालं.

बोलावणं करणाऱ्या त्या गावाला रिझालना मात्र पहाऱ्यात आणलं गेलं. त्यांनी १८८७ आणि १८९१ मध्ये दोन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. त्यात पाद्र्यांचे आणि सरकारी अंमलदारांचे जुलूम उघडे पाडले होते. झालं, सरकारच्या डोळ्यांत खुपले. १७ जुलै १८९२ च्या रात्री कंदिलांच्या उजेडात शिपायांनी त्यांना दापितानच्या किनाऱ्यावर उतरवलं. पाद्र्यांनी सांगितलं, की तुमची मतं चुकली असं लिहून द्या, मग आमच्याकडे राहा. रिझाल कबूल झाले नाहीत. ते ठाण्याच्या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या घरी राहिले. पुढे या अधिकाऱ्याबरोबर घेतलेल्या लॉटरीच्या तिकिटाला चक्क बक्षीस लागलं! आपल्या वाट्यातले दोन हजार पेसो त्यांनी वडिलांना पाठवले. आणि मग गावाबाहेर तालिसायला समुद्राकाठी जमीन घेऊन बांबू आणि झावळ्यांची घरं बांधली.

हा कैदी हातावर हात धरून बसला नाही. दवाखाना काढला, गरिबांकडून पैसे घेतले नाहीत. मुलांची शाळा काढली, फी म्हणून मुलांनी शेतात काम करायचं. डोंगरावरचं पाणी नळाने गावात आणलं. चर्चसमोरच्या चौकात जमिनीवर मिंदानावचा उठावाचा मोठा नकाशा केला, तो आजही तिथे आहे. सापडलेल्या बेडूक, सरडे, किड्यांचे नमुने युरोपातल्या शास्त्रज्ञांना पाठवले. त्यांतल्या काहींना रिझाल यांचंच नाव मिळालं. आई दोन्या तेओदोरा आणि बहिणीही काही काळ इथे येऊन राहिल्या. आईच्या डोळ्यांवरचे उपचारही या मुलानेच केले.

अशा घरात जोसेफिन आली. टॉफर यांचे डोळे बरे होण्यासारखे नव्हते. पण डॉक्टर आणि ती मुलगी एकमेकांत गुंतले. त्यांनी लग्न ठरवलं. हे कळताच टॉफर इतके बिथरले की वस्तरा घेऊन स्वतःचाच गळा कापायला निघाले. रिझालनी त्यांचे हात धरून ठेवले म्हणून अनर्थ टळला. जोसेफिन मुकाट्याने त्यांना घेऊन मनिलाला गेली. म्हातारा हाँगकाँगला गेला आणि ही एकटी परत फिरली. विचार करा, १८९५ साल, अठरा वर्षांची मुलगी, कुणाचा आधार नाही, आणि ती एका राजकीय कैद्याकडे आपण होऊन चालली आहे.

पण लग्न लावणार कोण? स्पॅनिश अमलात तिथे लग्न म्हणजे चर्चमधलंच. गावच्या पाद्र्याने पुन्हा तीच अट घातली. आधी मतं मागे घ्या, मग लग्न. मतं मागे घ्यायची म्हणजे ज्यासाठी हद्दपारी भोगली तेच खोटं म्हणायचं. रिझाल झुकले नाहीत. दोघांनी देवाला साक्षी ठेवून एकमेकांचा हात धरला आणि संसार मांडला.

तत्त्व त्यांचं होतं, ते त्यांनी सांभाळलं. पण त्याची किंमत कुणी मोजली? गावात नावं कुणाला ठेवली गेली? रिझालना डॉक्टर म्हणून मान होताच. बोटं दाखवली गेली ती हिच्याकडे. रिझाल यांच्या बहिणींनाही ती पटली नव्हती. ही सरकारची हेर तर नाही, असा संशय होता. त्यालाही कारण होतं. १८९३ मध्ये एक माणूस नातेवाईक असल्याची बतावणी करून घरात शिरला होता आणि तो खरोखरच हेर निघाला होता. त्या माणसाचं माप या पोरीच्या पदरात पडलं. आईंची गोष्ट मात्र वेगळी. दोन्या तेओदोरा मोठ्या धार्मिक बाई. पण चरित्रांत असं येतं की मनाविरुद्ध लिहून देऊन केलेल्या लग्नापेक्षा देवाला स्मरून प्रेमाने एकत्र राहणं बरं, असं त्यांचं मत पडलं. त्या काळातल्या सासूने असं म्हणावं! मला तर या माउलीला नमस्कार करावासा वाटला.

जोसेफिनचा संसार कसा होता ते रिझाल यांच्या घरी पाठवलेल्या पत्रांतून कळतं. ती स्वयंपाक करते, कपडे धुते, शिवते, कोंबड्या सांभाळते. मिकी नावाच्या शेवया घरी करते, मासे खारवून बरणीत भरते. भाचे, शाळेतली मुलं, येणारे जाणारे पेशंट, सगळ्यांचं बघते. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची चूल मिळाली होती.

मग ती गरोदर राहिली. दिवस भरायच्या आधीच मुलगा झाला. तो जगला नाही. रिझालनी आपल्या वडिलांचं नाव, फ्रान्सिस्को, त्याला ठेवलं आणि तालिसायच्या झाडीत कुठेतरी पुरलं. नेमकं कुठे, ते कुणालाच ठाऊक नाही. गावात दंतकथा आहे की रिझालनी थट्टेने तिला दचकवलं आणि त्यातून हे घडलं. दुसरी कथा सांगते की अंगणातल्या छपरीखाली त्याला ठेवलं. आईला मात्र फूल वाहायलाही खूण राहिली नाही.

३१ जुलै १८९६ ला दोघं दापितान सोडून निघाले. क्युबात लष्करी डॉक्टर म्हणून जायची परवानगी रिझालना मिळाली होती. सारं गाव किनाऱ्यावर लोटलं. गावच्या बँडने नेमकी अंत्ययात्रेची धून वाजवली, असं आजही सांगतात. ऑगस्टमध्ये मनिलाजवळ क्रांतीचा भडका उडाला. रिझालना वाटेतच पकडून परत आणलं आणि ३० डिसेंबर १८९६ च्या सकाळी बागुम्बायानच्या मैदानावर गोळ्या घातल्या. वय पस्तीस.

आता तो घोळ. पाद्र्यांचं म्हणणं असं की त्या शेवटच्या पहाटे रिझालनी मतं मागे घेतली आणि किल्ल्यातच त्यांचं जोसेफिनशी लग्न लावलं. मतं मागे घेतल्याचा म्हणून एक कागद १९३५ मध्ये पुढे आला. तो खरा की खोटा यावर तिथे अजून भांडणं आहेत. पण लग्नाचा दाखला? तो कुणालाच सापडला नाही. मोठ्या माणसाने मतं मागे घेतली का, यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली. ही मुलगी त्या सकाळी बायको होऊन विधवा झाली, की नुसतीच एकटी पडली, हा प्रश्न त्या वादाच्या शेपटाला लोंबकळत राहिला. रिझाल यांची शेवटची कविता एका छोट्या स्टोव्हमध्ये लपवून घरच्यांकडे आली. तिच्या शेवटी त्यांनी या परदेशी सखीचा निरोप घेतला आहे. नाव मात्र लिहिलेलं नाही.

जोसेफिन वीस वर्षांची होती. ती गप्प बसली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण ती कविते प्रांतात क्रांतिकारकांच्या छावणीत गेली. तिथे जखमींची मलमपट्टी केली, त्यांच्याबरोबर डोंगरातून पायपीट केली. जिला हेर म्हणत होते, तीच ही. १८९७ मध्ये तिला देश सोडून हाँगकाँगला परतावं लागलं. तिथे रिझाल यांची पुस्तकं एका स्नेह्याकडे होती. ती तिने मागितली, पण लग्नाचा पुरावा नसल्याने मिळाली नाहीत, अशी हकिगत चरित्रकार सांगतात.

तोच प्रश्न, पुरावा काय?

पुढे तिने विसेंते आबाद नावाच्या फिलिपिनो तरुणाशी लग्न केलं. दोलोरेस नावाची मुलगी झाली. त्यावरूनही तिला बोल लागले, इतक्या लवकर कशी विसरली म्हणून. पण तिने विधवा म्हणून झुरावं असं म्हणणाऱ्यांनी आधी तिला विधवा तरी मानलं होतं का? मार्च १९०२ मध्ये क्षयाने हाँगकाँगला ती गेली. वय अवघं पंचवीस. रिझालनाही सरकारने नाव न लावता पुरलं होतं. पण त्यांची बहीण नार्सिसा हिने ती जागा शोधून काढली आणि भावाची आद्याक्षरं उलटी कोरून तिथे खूण करवून घेतली. जोसेफिनसाठी असं शोधत फिरणारं कुणी नव्हतं. हॅपी व्हॅलीच्या दफनभूमीत तिला पुरलं, पण नावाचा दगड नाही.

दापितानला आज तालिसायची जागा स्मारक म्हणून जपली आहे. घरं पूर्वीसारखी उभी केली आहेत. समुद्राकाठचा एक खडक दाखवतात, तिथे दोघं बसायची म्हणतात. चर्चमध्ये रिझाल कुठे उभे राहायचे तेही दाखवतात. ज्या दारातून तिला सून म्हणून आत घेतलं नाही, त्याच गावात आता लोक तिची प्रेमकहाणी ऐकायला जातात.

मैत्रिणींनो, आमच्या मंडळातल्या बाईंची फाइल आम्ही तयार करतो आहोत. जुनं रेशन कार्ड, मतदार यादी, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचं आईचं नाव, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, जे जे मिळेल ते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सगळ्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. तरी कितीजणींकडे तो दाखला आहे? हॉल, दागिने, केटरर सगळं वेळेवर ठरतं, नोंदणी मात्र नंतर बघू म्हणून राहते. घरात मुलीचं लग्न झालं असेल तर आधी ते काम करून घ्या. आणि स्वतःचं राहिलं असेल तर स्वतःचंही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाईंचा तो प्रश्न मात्र मनातून जात नाही. त्या घरात त्या कोण होत्या, हे त्यांच्या गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जोसेफिन कोण होती, हे दापितानलाही ठाऊक होतं. लिहून ठेवायचं तेवढं राहिलं.